एक पडदा, दोन दावेदार : ग्राफिक्स आज्ञावलींच्या दोषशोधनाचा इतिहास

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रांचा वेग व स्मृती यांची चर्चा विपुल आढळते. आज्ञावलींतील चुका ज्या साधनांनी शोधल्या गेल्या त्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. आयबीएम पीसीवरील ग्राफिक्स आज्ञावलींच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. डॉस प्रणालीत चालू आज्ञावलीचा संपूर्ण पडद्यावर ताबा असे. तिला मध्येच थांबवून तिची स्थिती दाखविणारा डीबगरही त्याच पडद्यावर उमटे. परिणामी ज्या चित्रातील दोष शोधावयाचा, तेच चित्र शोध सुरू होताच पुसले जाई.

यावरील पहिला उपाय अदलाबदलीचा होता. मायक्रोसॉफ्टचा कोडव्ह्यू आणि बोरलँडचा टर्बो डीबगर पडद्याची स्मृती अन्यत्र जपून ठेवीत व आज्ञावली पुढे सरकताना ती परत आणीत. पावलागणिक पडदा लुकलुके, हा त्रास सोसण्याजोगा होता. खरी अडचण निराळी होती. १९८४ मध्ये आलेल्या ईजीए कार्डाच्या बहुतेक रजिस्टरांत मूल्य लिहिता येई, पण ते परत वाचता येत नसे. आज्ञावलीने कार्डात थेट काय लिहिले हे डीबगरला विचारून कळण्याजोगे नव्हते. त्यामुळे परत आणलेले चित्र बिघडलेले दिसल्यास दोष आज्ञावलीचा की डीबगरचा, हे ठरविणे कठीण होई. पुराव्याला तपासनिसाचाच हात लागावा, तसा हा प्रकार. १९८७ च्या व्हीजीएने बहुतांश रजिस्टरे वाचनीय केली.

अधिक खात्रीचा मार्ग १९८१ च्या मूळ रचनेतच होता. केवळ अक्षरे दाखविणारे, ४ किलोबाइट स्मृतीचे एमडीए कार्ड आणि रंगीत चित्रांचे, १६ किलोबाइटचे सीजीए कार्ड यांचे स्मृतिपत्ते व पोर्ट भिन्न असल्याने दोन्ही एकाच यंत्रात नांदू शकत. रंगीत व्हीजीएसोबतही ही सोय टिकली. चित्र रंगीत पडद्यावर आणि डीबगर शेजारच्या एकरंगी पडद्यावर, अशी मांडणी दोन्ही डीबगरांना मान्य होती. रंगीत पडदे येताच एकरंगी कार्ड कालबाह्य झाले, हे रूढ मत म्हणूनच अपुरे ठरते; बाजारातून हटलेले ते कार्ड आज्ञावलीकारांच्या मेजावर उपयोगी राहिले. भारतीय महाविद्यालयांत टर्बो सी शिकणाऱ्यांना अर्थात ही चैन परवडणारी नव्हती. तेथे ऑल्ट व एफ५ दाबून आज्ञावलीचा पडदा डोकावून पाहणे, एवढाच आधार असे.

विंडोज ९५ वर हीच अडचण नव्या रूपात आली. डायरेक्टड्रॉने पडद्याच्या स्मृतीवर लॉक घेतला असताना आज्ञावली थांबविली, तर विंडोजच्याच एका सामायिक लॉकमुळे डीबगरची खिडकीही गोठे. विंडोज ९८ ने एकाहून अधिक पडद्यांना मान्यता दिली खरी, परंतु पुढे ग्राफिक्स प्रोसेसरवरच चालणाऱ्या आज्ञावली थांबवून तपासण्याची गरज निर्माण झाली. प्रोसेसर थांबला की पडदा रंगविणारेच कोणी उरत नाही. म्हणूनच २०१० मधील एनव्हिडियाच्या पॅरलल एनसाइटला अशा तपासणीसाठी आरंभी दोन स्वतंत्र संगणक लागत. सिरियल तारेने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरून तपासणीची सोय टर्बो डीबगरने डॉसच्या काळातच दिली होती.