गोखल्यांची निवृत्ती

निवृत्ती ही वार्धक्याची सोबतीण, असा सर्वसाधारण समज आहे. गोपाळ कृष्ण गोखले मात्र १९०२ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. देशकार्याला सारा वेळ देता यावा, हा त्यामागील हेतू होता.

घरच्या संपत्तीचा आधार त्यांना मुळीच नव्हता. वडील बंधू गोविंदराव दरमहा १५ रुपयांच्या नोकरीतून ८ रुपये पाठवीत. त्यावर गोपाळरावांचे शिक्षण झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन त्यांनी ७५ रुपये वेतनावर २० वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले. संचय व्हावा असे हे वेतन नव्हते. तरतूद झाली ती निराळ्याच मार्गाने. अध्यापन करीत असता त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक सिद्ध केले. ते अनेक शाळांतून चालले आणि त्याचे उत्पन्न नियमित येऊ लागले. त्याला संस्थेच्या अल्पशा निवृत्तिवेतनाची जोड मिळाली. गरजा थोड्या, म्हणून एवढे पुरले.

या स्वावलंबनाचे मोल पुढे दिसून आले. वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना, मिठावरील करावर टीका करताना, पोटासाठी कोणाची मर्जी राखण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. १९१५ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. निवृत्तीसाठी त्यांनी वार्धक्याची वाट पाहिली असती, तर मधली १३ वर्षे देशाला लाभलीच नसती.