राजाचे लाकूड, रहिवाशांचे हात

नहेम्याने यरुशलेमेचा तट बांधावयास घेतला तेव्हा राजसाहाय्य नाकारले नाही. राजाच्या रानाचा रक्षक आसाफ याच्या नावे पत्र मागून त्याने लाकूड मिळविले. बांधकाम मात्र लोकांनी केले, कित्येकांनी तर आपापल्या घरासमोरच; प्रमुख याजक एल्याशीबही त्यातून सुटला नाही. गरिबांच्या घरांसाठी शासनाने पैसा पुरवावा व सेवाभावी संस्थांनी काम पार पाडावे, या आधुनिक व्यवस्थेचा विचार करताना आम्हांस हा प्रसंग आठवतो. लहान समुदायास जे साधते ते मोठ्या सत्तेने हिरावून न घेता त्यास साहाय्य करावे, हे पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात मांडलेले तत्त्वही त्याच जातीचे आहे.

भोपाळचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९८४ साली मध्य प्रदेश शासनाने कायदा करून शहरांतील भूमिहीनांना राहत्या जागेचे पट्टे देऊ केले. अतिक्रमक ठरलेल्या माणसाच्या हाती कागद आला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु जागा सुरक्षित आहे की नाही, हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते. त्याच वर्षी २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि समोरच्या जयप्रकाशनगरासारख्या वस्त्यांत माणसे झोपेतच सापडली. पुढे शासनाने विधवांसाठी शहराबाहेर दुमजली व चौमजली इमारतींत २,४८६ घरे बांधली. जमीन होती, पैसा होता. तथापि वरच्या मजल्यांवर पाणी चढेना, गुरे बांधावयास जागा नव्हती, आणि बस व शाळा यांची उणीव निदान दहा वर्षे भासत राहिली. गुरांवर पोट भरणाऱ्या बाईला विचारून हा नकाशा काढला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

मध्ये एखादी सेवाभावी संस्था असती तर हे टळले असते काय? होकार देण्यापूर्वी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचा अनुभव ध्यानात घ्यावा. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांपैकी अनेक गावे संस्थांनी दत्तक घेतली. जमीन, रस्ते व पाणी शासनाचे, घरे संस्थेची, अशी वाटणी झाली. घरे मजबूत झाली. पण कित्येक ठिकाणी रेघा मारून आखलेल्या वसाहतीत वाड्याचे अंगण व गोठा हरवला. संस्था सेवाभावी असली म्हणजे ती लोकांना विचारतेच असे नाही, आणि आम्हां धर्मसेवकांच्या संस्थांना यातून वगळण्याचे कारण दिसत नाही.

कमी हानी झालेल्या गावांत निराळी रीत होती. तेथे शासनाने पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकासच दिला, अभियंत्याने भूकंपरोधक बांधणी दाखविली आणि घर ज्याचे त्याने उभे केले. येथे 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेवर शासनाने लोकसहभागाचे काम सोपविले. संस्थेने घरे बांधली नाहीत. महिला मंडळांतील स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून गावोगाव नेमल्या गेल्या, आणि शासनाची योजना घराघरांत समजावून सांगणे व गावाच्या अडचणी कचेरीपर्यंत पोहोचविणे हे काम त्यांनी केले.