मालकाचे मत आणि नोकराचे मत

मराठीत 'मत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे माणसाचा विचार आणि दुसरा म्हणजे निवडणुकीत दिला जाणारा कौल. कारखानदार, व्यापारी किंवा संस्थाचालक यांना पहिल्या अर्थाने मत असण्याचा आणि ते उघडपणे मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु पगार, बढती, बदली किंवा नोकरीतील कायमपण या गोष्टी ज्याच्या हाती आहेत, त्याने आपला विचार नोकरांपुढे कोणत्या स्वरात मांडावा, हा प्रश्न साधा नाही. विनंती आणि हुकूम यांतील अंतर अशा ठिकाणी फार थोडे असते. बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात, जिथे पगारी रोजगाराचे पर्याय मर्यादित आहेत, तिथे हे अंतर आणखीच कमी होते.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या घरात होती. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याचा मुख्य आधार शेतीच आहे. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी बाजारपेठ. जिनिंग-प्रेसिंग, तेलगिरण्या, चांदीचा व्यापार आणि औद्योगिक वसाहतीतील कारखाने यांवर त्या शहराचे अर्थकारण उभे राहिले. मलकापूर-दसरखेड पट्ट्यातही उद्योग आहेत. याखेरीज जिल्हाभर बाजार समित्या, सहकारी संस्था, पतसंस्था आणि खासगी शिक्षणसंस्था यांचे जाळे पसरलेले आहे.

या रोजगाराचे एक वैशिष्ट्य म्हणजे तो बहुतांशी व्यक्तिगत ओळखीतून मिळतो. जिनिंगमधला हंगामी मजूर मुकादमामार्फत येतो. त्याने आगाऊ उचल घेतलेली असते. शेतावरचा सालदार वर्षाच्या बोलीवर बांधलेला असतो. दुकानातला दिवाणजी किंवा पतसंस्थेतला कारकून कोणाच्या तरी शब्दावर लागलेला असतो. ज्याने 'लावून दिले' त्याचे उपकार निवडणुकीच्या वेळी फेडायचे, ही भावना इतकी रुजलेली आहे की पुष्कळदा तिला दबाव म्हणून ओळखलेही जात नाही.

या जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. २०२४ च्या निवडणुकीत बुलडाणा मतदारसंघाचा निकाल अवघ्या ८४१ मतांनी लागला. इतकी मते एखाद्या मोठ्या कारखान्यातील कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही असू शकतात. त्या निवडणुकीत असे काही घडले, असा याचा अर्थ नव्हे. परंतु शे-दोनशे माणसे पदरी असलेल्या मालकाचे महत्त्व उमेदवाराला का वाटावे, हे या आकड्यावरून ध्यानात येते.

दबावाची रूपे

उघड धमकी हे दबावाचे सर्वांत विरळ रूप होय. नेहमीची रूपे सौम्य असतात. मालकाच्या पसंतीच्या पक्षाच्या सभेला पाळी सोडून हजर राहण्यास सांगणे, मोटारसायकलीवर पक्षाची पट्टी लावून देणे, कामाच्या व्हॉट्सॲप गटावर प्रचाराचा मजकूर टाकून कोण प्रतिसाद देतो ते पाहणे, कुटुंबातील मतदारांची यादी मागवणे, किंवा 'अमुक पक्ष आला तर कारखाना चालवणे कठीण होईल' असे सहज बोलल्यासारखे सुचवणे, ही त्याची काही उदाहरणे. यातील शेवटचे विधान मालकाचे प्रामाणिक मतही असू शकते. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र त्यातला 'कारखाना' हाच शब्द घुमत राहतो.

वर्गणी हा आणखी एक प्रकार. पगारातून पक्षासाठी रक्कम कापून घेणे कायद्यात बसत नाही. आधी १९३६ च्या वेतन अधिनियमाने आणि आता २०१९ च्या वेतन संहितेने वेतनातून कोणत्या कपाती करता येतात ते ठरवून दिले आहे, आणि पक्षनिधी त्या यादीत नाही. कंपनीला स्वतःच्या पैशातून देणगी द्यायची असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १८२ प्रमाणे संचालक मंडळाचा ठराव करून ती देता येते. या देणगीवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकण्यात आली होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली. थोडक्यात, मालकाला आपला राजकीय कल व्यक्त करण्याचा सनदशीर मार्ग उपलब्ध आहे. त्यासाठी नोकराच्या खिशात हात घालण्याची गरज नाही.

शिक्षक मतदारांची अडचण

महाराष्ट्रात मालक आणि राजकारणी या दोन व्यक्ती अनेकदा वेगळ्या नसतात. साखर कारखाना, बँक आणि शिक्षणसंस्था यांच्या आधारे राजकारण करण्याची येथे जुनी रीत आहे. त्यात शिक्षकाची स्थिती विशेष नाजूक. अनुदानित शाळेतील शिक्षकाचा पगार सरकार देते, परंतु नेमणूक खासगी संस्था करते. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. विनाअनुदानित शाळेत तर सर्वच काही संस्थाचालकाच्या मर्जीवर असते.

विधान परिषदेच्या अमरावती विभाग शिक्षक मतदारसंघात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम आणि बुलडाणा हे पाच जिल्हे येतात. या निवडणुकीसाठी प्रत्येक वेळी मतदार यादी नव्याने तयार होते. नाव नोंदवण्यासाठी शिक्षकाने मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक वा त्यावरील स्तरावर अध्यापन केल्याचा दाखला संस्थाप्रमुखाकडूनच घ्यावा लागतो. सर्व कर्मचाऱ्यांचे अर्ज एकगठ्ठा सादर करण्याची मुभाही संस्थाप्रमुखाला असते. म्हणजे मतदार होण्याच्या पहिल्या पायरीवरच मालकाची सही लागते. ही तरतूद सोयीसाठी आहे हे खरे, पण यादीत कोण आले आणि कोण राहिले, याची माहिती आपसूक संस्थेच्या कार्यालयात राहते.

गुप्त मतदान आले ते यासाठीच

मतदान गुप्त असावे हा विचार मुळात मालक आणि जमीनदार यांच्या दबावातूनच पुढे आला. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदान उघड होत असे. १८६८ च्या निवडणुकीनंतर वेल्समध्ये जमीनदाराच्या इच्छेविरुद्ध मत देणाऱ्या कुळांना जमिनीवरून हुसकावून लावण्यात आले. त्याचा मोठा गवगवा झाला आणि १८७२ च्या कायद्याने गुप्त मतपत्रिका आली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीने ती १८५६ मध्येच स्वीकारली होती.

मुंबईच्या गिरणगावाचा अनुभवही या संदर्भात आठवावा. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापड गिरण्यांत एकाच संघटनेला 'प्रातिनिधिक' म्हणून वाटाघाटीचा अधिकार दिला. तो काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगाराने मनाने कोणाच्याही मागे जावे, मालकाशी बोलणार ती हीच संघटना. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपात हा कायदा रद्द करण्याची मागणी होती. संप मोडला. परंतु १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट असताना दक्षिण-मध्य मुंबईतून डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले. कारखान्याच्या दाराशी जे बोलता आले नाही ते गुप्त मतपत्रिकेवर बोलता आले.

कायदा काय सांगतो

निवडणुकीतील 'गैरवाजवी प्रभाव' हा गुन्हा भारतीय दंड संहितेत १९२० मध्ये दाखल झाला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ ने घेतली आहे. मतदाराला कोणत्याही प्रकारची इजा पोहोचवण्याची धमकी देऊन त्याच्या मताधिकाराच्या मुक्त वापरात अडथळा आणणे हा गुन्हा असून कलम १७४ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोकरी घालवण्याची धमकी ही इजेचीच धमकी होय. तथापि हा गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(२) नुसार गैरवाजवी प्रभाव हा 'भ्रष्ट आचार' असून त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. पण त्यासाठी ते कृत्य उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी केलेले असावे लागते. मालकाने आपल्या मर्जीने केले तर निवडणुकीला बाध येत नाही. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे बुलडाण्यासाठी नागपूर खंडपीठात, दाखल करावी लागते.

याच कायद्याच्या कलम १३५-ब नुसार मतदानाच्या दिवशी प्रत्येक मतदार कामगाराला, रोजंदारीवरच्यालाही, भरपगारी सुट्टी मिळाली पाहिजे. ती नाकारणाऱ्या मालकाला दंड आहे, पण कमाल ५०० रुपयांचा. ही रक्कम १९९६ मध्ये ठरली.

कामगार कायद्यांत थोडा आधार मिळतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याने सूडबुद्धीने कामावरून काढणे, धोरणाच्या नावाखाली कुहेतूने बदली करणे आणि गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकते माप देणे या प्रथा अनुचित ठरवल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टातही अशीच यादी आहे. मात्र 'राजकीय मतामुळे भेदभाव करू नये' असे खासगी मालकाला स्पष्टपणे बजावणारे सर्वसाधारण कलम आपल्याकडे नाही. वस्तुतः राजकीय मतावरून नोकरीत भेदभाव होऊ नये, असे सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १११ क्रमांकाचा करार भारताने १९६० मध्येच मान्य केलेला आहे.

गुप्ततेतील फट

एका व्यक्तीचे मत आज बऱ्यापैकी सुरक्षित आहे. मतदान कक्षात मोबाइल नेता येत नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसून पेटीत पडते, ती हाती मिळत नाही. याचे कारण हेच की मतदाराकडे दाखवण्याजोगा पुरावाच उरू नये. मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती कलम ९४ प्रमाणे न्यायालयातही करता येत नाही.

समूहाचे मत मात्र उघडे पडते. यंत्रावरील मतमोजणी केंद्रनिहाय होते आणि नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्राचे आकडे प्रसिद्ध होतात. कामगार वसाहत, वाडी किंवा तांडा एकाच केंद्राला जोडलेला असेल तर तेथील लोकांनी कोणाला मते दिली, हे दुसऱ्या दिवशी सर्वांना कळते. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील प्रचारात मनेका गांधी यांनी मिळालेल्या मतांच्या प्रमाणात गावांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी बोलून दाखवली आणि निवडणूक आयोगाने त्यांची कानउघाडणी केली. पण अशी वर्गवारी शक्य होते ती या आकड्यांमुळेच. अनेक यंत्रांची एकत्रित बेरीज दाखवणारे 'टोटलायझर' वापरावे, असा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये दिला आणि विधी आयोगाने मार्च २०१५ मधील २५५ व्या अहवालात त्याला दुजोरा दिला. सरकारने तो स्वीकारला नाही.

२०२२ मध्ये गुजरातेत आयोगाने एक हजाराहून अधिक उद्योगांशी करार केले. मतदान न करणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे सूचनाफलकावर लावण्याची त्यात तरतूद होती आणि त्यावर आक्षेपही घेतले गेले. मतदान वाढावे हा हेतू चांगलाच. परंतु मत न देणे हाही कायद्याने मान्य केलेला मताधिकाराचाच भाग आहे, आणि त्याची नोंद मालकाच्या हाती देणे ही धोक्याची वाट आहे.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत जानेवारी २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालानंतर मालकांवरील बंधने सैल झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये वेस्टगेट रिसॉर्ट्सचे डेव्हिड सीगल यांनी सुमारे सात हजार कर्मचाऱ्यांना ई-मेल पाठवून, ओबामा पुन्हा निवडून आले तर नोकरकपात करावी लागेल, असे सूचित केले. त्याच वर्षी ओहायोतील मरे एनर्जीची एक खाण रॉम्नी यांच्या सभेसाठी बंद ठेवली गेली आणि त्या दिवसाचा पगार खाणकामगारांना मिळाला नाही. हजेरी अनिवार्य होती, पण सक्ती कोणावर केली नाही, असा खुलासा कंपनीच्या अधिकाऱ्याने केला. सौम्य दबावाचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. ब्राझीलमध्ये याला 'निवडणूकविषयक छळ' असे स्वतंत्र नाव असून २०२२ च्या निवडणुकीत तेथील कामगार अभियोग खात्याकडे दोन हजारांवर तक्रारी आल्या. तेथे न्यायालये मालकांना मनाई हुकूम देतात. आपल्याकडे अशी स्वतंत्र यंत्रणा नाही.

दबाव आल्यास

मालकाने पाठवलेले संदेश, सूचना आणि तारखा जपून ठेवाव्यात. आचारसंहितेच्या काळात 'सी-व्हिजिल' ॲपवर छायाचित्र किंवा चित्रफितीसह तक्रार करता येते, तीवर १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. १९५० हा दूरध्वनी क्रमांकही आहे. लेखी तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा निवडणूक अधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. खासगी शाळेतील शिक्षकाला सेवेतून काढल्यास १९७७ च्या कायद्याप्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. ही मुदत निवडणुकीच्या धामधुमीत सहज निघून जाते, हे विसरू नये.

हे सर्व उपाय कागदावर आहेत आणि उपयोगी आहेत. पण उचल घेतलेला मजूर हंगाम संपण्याआधी तक्रार करील, अशी अपेक्षा कोणी धरू नये. त्याचे खरे संरक्षण मतदान कक्षातील तो पुठ्ठ्याचा आडोसा आहे. मालकाने सभेला नेले, पट्टी लावली, यादी घेतली, तरी त्या आडोशामागे तो एकटाच असतो. तो आडोसा केंद्रनिहाय आकड्यांनीही भेदला जाऊ नये एवढी सुधारणा झाली, तर जिनिंगमधल्या मजुराला आणि विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला कोणाच्याही चांगुलपणावर अवलंबून राहावे लागणार नाही.