महिला व बालविकास मंत्रालयाचे अंदाजपत्रक

भारत सरकारचे महिला व बालविकास मंत्रालय दरवर्षी किती पैसा मागते, तो कोणत्या वाटेने खाली पोचतो आणि त्याचा हिशोब कोण घेते, याची ही नोंद. 1985 साली मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या छत्राखाली या कामासाठी वेगळा विभाग निघाला आणि 30 जानेवारी 2006 रोजी त्याला स्वतंत्र मंत्रालयाचा दर्जा मिळाला. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या मंत्रालयासाठी 26,889.69 कोटी रुपये ठेवले गेले. त्या वर्षीचा केंद्राचा एकूण खर्च सुमारे 50.65 लाख कोटींचा धरला होता. म्हणजे शंभर रुपयांत त्रेपन्न पैसे.

या रकमेचे पुढचे वाटप पाहिले की मंत्रालयाचे खरे रूप दिसते. 21,960 कोटी ‘सक्षम अंगणवाडी व पोषण 2.0’ या योजनेचे. रुपयातले जवळपास ब्याऐंशी पैसे अंगणवाडीकडे, बालकांच्या खाऊकडे आणि गरोदर व स्तनदा मातांच्या आहाराकडे जातात. बालसंरक्षणाच्या ‘मिशन वात्सल्य’ला 1,500 कोटी. स्त्रियांची सुरक्षितता आणि सक्षमीकरण ज्यात येते त्या ‘मिशन शक्ती’च्या वाट्याला 3,150 कोटी. त्यातही अत्याचारग्रस्त स्त्रीच्या थेट मदतीला येणारा भाग, म्हणजे सखी केंद्र आणि 181 हेल्पलाइन ज्यात आहेत ती ‘संबल’ उपयोजना, 629 कोटींची. कुपोषणावरचा खर्च कमी करावा असे कोणीही म्हणणार नाही. पण मंत्रालयाच्या नावात महिला आधी आणि बाल नंतर असले, तरी पैशाचा क्रम उलटा आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

पुढच्या वर्षाच्या पैशाची आखणी शरद ऋतूत सुरू होते. अर्थ मंत्रालयाचे परिपत्रक निघते, प्रत्येक विभाग पुढच्या वर्षाचे अंदाज आणि चालू वर्षाचे सुधारित अंदाज कळवतो, वित्तीय सल्लागार त्यावर हात फिरवतो. फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला गेल्यावर मंत्रालयाच्या अनुदान मागण्या शिक्षण, महिला, बालक, युवक व क्रीडाविषयक संसदीय स्थायी समितीपुढे जातात. हिशोबाच्या वहीत हा खर्च मुख्यतः 2235 (सामाजिक सुरक्षा व कल्याण) आणि 2236 (पोषण) या लेखाशीर्षांखाली दिसतो. शेवटच्या तिमाहीत 33 टक्क्यांहून अधिक आणि एकट्या मार्चमध्ये 15 टक्क्यांहून अधिक खर्च करू नये, असा अर्थ मंत्रालयाचा दंडक आहे. मार्चअखेरची धावपळ ज्यांनी सरकारी कचेरीत पाहिली आहे, त्यांना या दंडकाची गरज समजावून सांगावी लागत नाही.

मंत्रालय स्वतः फार थोडे खर्च करते. पैसा राज्यांमार्फत जातो. ‘मिशन शक्ती’च्या दुसऱ्या, म्हणजे ‘सामर्थ्य’ उपयोजनेत बहुतेक राज्यांसाठी केंद्र 60 आणि राज्य 40 असे प्रमाण आहे, ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांसाठी ते 90 आणि 10. ‘संबल’चा सगळा भार केंद्राचा. पूरक पोषण आहाराचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. जुलै 2021 पासून प्रत्येक केंद्र-पुरस्कृत योजनेसाठी राज्यात एकच बँक खाते ठेवावे लागते. राज्याचा हिस्सा त्यात जमा झाला, आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आले, की पुढचा हप्ता सुटतो. शिस्तीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र राज्याच्या वित्त विभागात फाइल अडली, तर तिची झळ थेट गावातल्या अंगणवाडीला लागते.

खर्च कशावर झाला, हा प्रश्न सर्वांत धारदारपणे विचारला गेला तो ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेबाबत. 22 जानेवारी 2015 रोजी हरियाणातील पानिपत येथे ही योजना सुरू झाली. नंदुरबारच्या तत्कालीन खासदार डॉ. हीना गावित यांच्या अध्यक्षतेखालील महिला सक्षमीकरणविषयक संसदीय समितीने डिसेंबर 2021 मध्ये दाखवून दिले, की 2016 ते 2019 या काळात दिलेल्या 446.72 कोटींपैकी 78.91 टक्के रक्कम प्रसारमाध्यमांतील प्रचारावर गेली. समितीने शिक्षण आणि आरोग्याकडे पैसा वळवा, असे बजावले. नंतरच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्ह्याचा वाटा जन्मावेळच्या लिंग-गुणोत्तरावर ठरला: हजार मुलग्यांमागे 918 किंवा त्याहून कमी मुली असलेल्या जिल्ह्याला वर्षाला 40 लाख, 952 पर्यंत 30 लाख, त्यापुढे 20 लाख. एका समितीने नेमका आकडा पुढे ठेवला म्हणून धोरण हलले. संसदीय छाननीचे याहून चांगले उदाहरण या मंत्रालयाच्या बाबतीत सापडणे अवघड आहे.

निर्भया निधीची गोष्ट वेगळी. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर 2013 मध्ये 1,000 कोटींनी तो सुरू झाला. वर्ष संपले तरी तो व्यपगत होत नाही. निधी अर्थ मंत्रालयाच्या ताब्यात, महिला व बालविकास मंत्रालय समन्वयक आणि प्रत्यक्ष खर्च गृह, रेल्वे, न्याय अशा मंत्रालयांचा आणि राज्यांचा. इतके मालक असल्याने पहिली काही वर्षे बराचसा पैसा पडूनच राहिला. पुढे सखी केंद्रे, विशेष जलदगती न्यायालये, मुंबईसह आठ महानगरांतील ‘सेफ सिटी’ प्रकल्प यांतून तो वापरात आला. 2024-25 अखेरपर्यंत तरतूद 7,712.85 कोटींची आणि वापर 5,846.08 कोटींचा. सुमारे पाऊण हिस्सा.

मंत्रालयाच्या स्वतःच्या तिजोरीपेक्षा कितीतरी मोठा आकडा ‘जेंडर बजेट’चा आहे. जगात अशी पद्धत प्रथम ऑस्ट्रेलियाने 1984 मध्ये आणली, भारतात ती 2005-06 पासून रुळली. प्रत्येक मंत्रालयाने आपल्या तरतुदीतील स्त्रियांचा वाटा वेगळा दाखवायचा असतो. संपूर्ण रक्कम स्त्रियांसाठी असलेल्या योजना ‘अ’ भागात, किमान 30 टक्के असलेल्या ‘ब’ भागात. त्याहून कमी वाट्यासाठी 2024-25 पासून ‘क’ भाग आला. 2025-26 मध्ये 49 मंत्रालये व विभागांनी मिळून 4.49 लाख कोटी, म्हणजे एकूण खर्चाच्या 8.86 टक्के, एवढा वाटा नोंदवला. पण ही जमा झालेली थैली नव्हे, नोंदीची पद्धत आहे. ग्रामीण आवास योजनेची संपूर्ण रक्कम अनेक वर्षे ‘अ’ भागात धरली गेली, घरात मात्र सारे कुटुंब राहते. त्यामुळे एकूण आकडा वाढला म्हणून स्त्रियांच्या हाती जास्त आले, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे.

महाराष्ट्रात याच विषयाचे प्रमाणच पालटले आहे. जुलै 2024 पासून सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी राज्याने 2025-26 मध्ये 36,000 कोटी ठेवले, केंद्राच्या सबंध मंत्रालयाहून अधिक. महिन्याला 1,500 रुपये थेट खात्यात येतात आणि घरखर्चात त्यांचे मोल मोठे आहे. तरीही समुपदेशक, संरक्षण अधिकारी, वसतिगृह यांची जागा रोख रक्कम घेऊ शकत नाही. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतील 3 टक्के महिला व बालविकासासाठी राखण्याचा राज्याचा निर्णय अशा कामांना उपयोगी पडू शकतो. आपल्या जिल्ह्यात तो कशावर खर्च झाला, हे वाचकांनी जरूर विचारावे.

या साऱ्या हिशोबाच्या तळाशी अंगणवाडी सेविका उभी आहे. एका बालकाच्या पूरक आहाराचा दर 2017 पासून दिवसाला 8 रुपये आहे. केंद्राने सेविकेचे मानधन ऑक्टोबर 2018 मध्ये 3,000 वरून 4,500 रुपये केले आणि मदतनिसांचे 2,250. राज्ये त्यात आपली भर घालतात. महाराष्ट्रात वाढीव मानधनासाठी डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 या काळात दीर्घ संप झाला. केंद्राचा 4,500 चा आकडा 2025-26 च्या अर्थसंकल्पातही तेवढाच होता.