गांवठाणाबाहेरची जमीन

खारघरचा डोंगर आणि पनवेलची खाडी यांच्या मधल्या पट्ट्यांत बेलपाडा हें लहानसें गांव आहे. आज त्याच्या नांवाचें एक मेट्रो स्थानकही आहे; बेलापूर ते पेंधर हा ११ स्थानकांचा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं सुरू झाला. भोंवतालच्या इमारती पाहून येथें एके काळीं भातखाचरें होतीं, हें नवख्या प्रवाशास सांगावें लागतें.

हा पालट कसा घडला? १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं ‘मार्ग’ नियतकालिकांतून खाडीपलीकडे नवें नगर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० च्या मार्चमध्यें सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांची जमीन संपादण्याचें ठरलें. त्यांतून गांवठाण, म्हणजे घरांची जागा, तेवढी वगळली गेली. कागदावर ही सवलत उदार दिसते. परंतु आगरी-कोळ्यांचें गांव घरांपुरतें कधींच नसतें. खळें, गुरचरण, तळें, खाडीचा बांध, होळीचा माळ हीं सारीं त्याचींच अंगें, आणि त्यांतलें पुष्कळसें रेषेबाहेर पडलें.

१९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जासई व दास्तान फाटा येथें जें आंदोलन झालें, त्यांत गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यांतूनच पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. मात्र शंभर गुंठे गेलेल्या खातेदाराच्या हातीं साडेबारा गुंठे येत नाहींत, पावणेनऊच येतात. उरलेले पावणेचार सामाजिक सुविधांसाठीं कापले जातात. शिवाय ज्याचें नांव सातबाऱ्यावर होतें, त्यालाच भूखंड मिळाला. गुरचरण सरकारी मालकीचें, वहिवाट साऱ्या गांवाची. त्याचा हिस्सा मागणार कोण? नगराच्या सार्वजनिक जागेची किंमत खेडुतानें अशी दोनदां मोजली, असेंच म्हणावें लागेल.

जुन्या माळाचें फार कौतुकही करूं नये; भूमिहीनाला व आदिवासीला तेथें किती मान होता, हें गांवकरी जाणतात. आणि खारघरचें सेंट्रल पार्क पाहून मुंबईकरांस हेवा वाटावा, इतकें तें प्रशस्त आहे. पण उद्यानाला कुंपण असतें, उघडण्याची वेळ ठरलेली असते. तेथें भात झोडपतां येत नाहीं, जाळें वाळत घालतां येत नाहीं, कीं लग्नाचा मांडवही घालतां येत नाहीं.

इकडे कुटुंबें वाढलीं आणि गांवठाणांच्या कडेला ‘गरजेपोटीं’ घरें उभीं राहिलीं. गल्ल्या अरुंद झाल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका अस्तित्वांत आली. तरी नव्या मुंबईंतील या घरांचा प्रश्न सिडकोच्या दारींच राहिला. २०२२ च्या शासननिर्णयानें गांवठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतचीं घरें नियमित करण्याचें ठरविलें. मोजणी ठरली ती त्याच जुन्या रेषेपासून, आणि ठरली ती घरांची, माळाची नाहीं.