कब्बन पार्क वारसाफेरी, बंगळुरू

बंगळुरूच्या मध्यभागी विधानसौध, अठरा कचेरी, कब्बन पार्क आणि कस्तुरबा रस्त्यावरील शासकीय वस्तुसंग्रहालय यांना जोडणारा पायी फिरण्याचा मार्ग. सुरुवात विधानसौधाजवळच्या मेट्रो स्थानकापासून करणे सोयीचे. सावकाश चालल्यास दोन-अडीच तास लागतात.

पार्श्वभूमी : केंपेगौडांनी सोळाव्या शतकात वसवलेली आणि 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेली जुनी पेठ एका अंगाला, तर 1809 पासून वसलेली ब्रिटिश छावणी दुसऱ्या अंगाला, अशी येथे दोन शहरे शेजारी नांदत होती. त्यांच्या नगरपालिका 1949 मध्ये एकत्र आल्या. कब्बन पार्क या दोहोंच्या मधोमध असल्याने शहराच्या सांध्याचा इतिहास याच वाटेवर वाचता येतो.

इमारती : अठरा कचेरी ही लाल रंगाची, आयोनिक स्तंभांची दुमजली इमारत 1868 मध्ये पूर्ण झाली. त्याआधी टिपूच्या राजवाड्यात चालणारी अठरा सरकारी खाती येथे हलवण्यात आली. आज येथे कर्नाटक उच्च न्यायालय आहे. 1980 च्या दशकात ती पाडण्याचा प्रस्ताव आला. नागरिकांनी त्याला विरोध केला आणि इमारत वाचली.

तिच्या समोरच विधानसौध आहे. 13 जुलै 1951 रोजी जवाहरलाल नेहरूंनी पायाभरणी केली. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांनी मूळचा साधा आराखडा बदलून द्राविड मंदिरशैलीचा आग्रह धरला. बी. आर. माणिकम् हे वास्तुविशारद. 1956 मध्ये काम पूर्ण झाले. 45 रुंद पायऱ्या चढून गेल्यावर 40 फूट उंचीचे 12 ग्रॅनाइट खांब सामोरे येतात. परकीय अमदानीच्या कचेरीला स्वतंत्र राज्याने दिलेले हे दगडी उत्तर रस्त्यावर उभे राहून पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

उद्यान : मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी 1870 मध्ये आखले. आधी मीड्स पार्क, मग आयुक्त मार्क कब्बन यांचे नाव मिळाले. 1927 पासून अधिकृत नाव श्री चामराजेंद्र उद्यान. आत अष्टकोनी बँडस्टँड, दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या स्मरणार्थ उभारलेले लाल सभागृह (1915, आता राज्य मध्यवर्ती ग्रंथालय), मोठमोठे कातळ आणि बांबूची बेटे आहेत. बांबूच्या सावलीत शिरले की वाहनांचा आवाज मागे पडतो. गुलाबी टॅबेबुया हिवाळ्यात, तर गुलमोहर उन्हाळ्यात फुलतो.

वस्तुसंग्रहालय : स्थापना 1865. येथील आतकूर शिलालेख (सुमारे 949) राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या चोळांवरील विजयाची नोंद करतो. त्याच दगडावर रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या शिकारी कुत्र्याचे स्मरणही कोरले आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्याने हा दगड चुकवू नये.

संरक्षण : उद्यानाला 1975 च्या कर्नाटक शासकीय उद्याने (संरक्षण) अधिनियमाचे कवच आहे. रविवारी आतले रस्ते वाहनांना बंद असतात. म्हणून फेरीसाठी रविवारची सकाळ सर्वांत चांगली.