१५ मिनिटांच्या ॲनिमेशन लघुपटाला ३ वर्षं का लागतात? आणि तेवढे दिवस पैसे कोण देतं?

२०१८ सालचा 'ऑक्टोबर' पाहिला असेल, तर कोमात गेलेल्या शिउलीच्या उशाशी बसणारी तिची आई तुम्हाला आठवत असेल. ती भूमिका करणाऱ्या गीतांजली राव यांचं मुख्य काम अभिनय नाही. त्या ॲनिमेशनपट बनवतात. २००६ मध्ये त्यांचा 'प्रिंटेड रेनबो' हा १५ मिनिटांचा लघुपट कान महोत्सवाच्या 'क्रिटिक्स वीक' विभागात दाखवला गेला आणि तिथून तीन पुरस्कार घेऊन परतला. यातली चित्रं त्यांनी जवळपास तीन वर्षं खपून एकटीने केली होती.

आपल्याकडे कार्टून म्हटलं की डोळ्यांसमोर लहान मुलांची वाहिनी येते. स्वतंत्र ॲनिमेशन लघुपट हे प्रकरण वेगळं आहे. इथे एखादा चित्रकार स्वतःची गोष्ट स्वतःच्या हाताने सांगतो. वाहिनीला रोजचे भाग द्यायचे नसतात, खेळणी विकायची नसतात. गोष्ट बऱ्याचदा मोठ्या माणसांची असते.

'प्रिंटेड रेनबो'ची गोष्ट अशीच आहे. शहरातल्या एका फ्लॅटमध्ये एक म्हातारी बाई आणि तिची मांजर राहतात. घर करडं, खिडकीबाहेरचं शहरही करडं. बाईकडे काडेपेट्यांचा संग्रह आहे. पेटीवरच्या चित्रात ती शिरते आणि पडदा रंगांनी भरून जातो. आपल्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांची दुपार यात आहे.

आता हिशोब करू. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम वापरलं, तरी सेकंदाला १२ चित्रं. १५ मिनिटं म्हणजे ९०० सेकंद, म्हणजे १०,८०० चित्रं. रोज दहा काढली तर तीन वर्षं सहज जातात. कॅमेऱ्याचा सिनेमा महिनाभरात शूट होऊ शकतो, पण इथे पावसाचा एक थेंबसुद्धा कुणीतरी काढल्याशिवाय पडत नाही. त्यामुळे या सिनेमाचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे वेळ. तेवढे दिवस चित्रकाराने खायचं काय?

ब्रिटनने या प्रश्नाचं एक उत्तर शोधलं होतं. १९८२ मध्ये तिथे 'चॅनल फोर' ही वाहिनी सुरू झाली आणि तिने स्वतंत्र ॲनिमेटरांना लघुपटांसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. गोष्टी फक्त मुलांच्याच हव्यात अशी अट नव्हती. जोआना क्विन यांचा 'गर्ल्स नाइट आउट' (१९८७) त्याच काळातला, मध्यमवयीन बायकांच्या एका धमाल रात्रीचा. निक पार्क यांचा 'क्रिएचर कम्फर्ट्स' या वाहिनीसाठीच बनला आणि त्याला ऑस्कर मिळालं. याच पार्क यांनी 'वॉलेस अँड ग्रॉमिट'चा पहिला लघुपट विद्यार्थी असताना १९८२ मध्ये सुरू केला होता. तो पूर्ण झाला १९८९ मध्ये! पण मधल्या काळात आर्डमन या स्टुडिओने त्यांना नोकरी दिली आणि तो लघुपट पूर्ण करायला मदतही केली.

आपल्याकडे वाहिन्यांनी कार्टून भरपूर दाखवली, पण मोठ्यांच्या ॲनिमेशन लघुपटांना सातत्याने पैसे देणारी वाहिनी काही उभी राहिली नाही. सरकारचा हात मात्र होता. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये कार्टून फिल्म युनिट सुरू झालं. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' तयार झाला. तिथेच घडलेल्या राम मोहन यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला. जे. जे.मधून उपयोजित कला शिकून आलेल्या गीतांजली राव ॲनिमेशन शिकल्या त्या याच स्टुडिओत. दूरदर्शनवर पाहून पाठ झालेला 'एक अनेक और एकता' (१९७४) हीदेखील फिल्म्स डिव्हिजनचीच निर्मिती. तिच्या दिग्दर्शिका विजया मुळे मराठी होत्या, हे किती जणांना माहीत आहे?

२०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचं काम एनएफडीसीकडे गेलं. पण स्वतंत्र काम करणाऱ्यांचा खरा आधार त्याच्या बऱ्याच आधीपासून जाहिराती हाच झाला होता. गीतांजली राव यांनी जाहिरातींच्या कमाईवर आपले लघुपट केले. अमरॉन बॅटरीच्या मातीच्या बाहुल्यांच्या जाहिराती आठवतात? त्या करणाऱ्या सुरेश एरियट यांनी मुंबईतल्या आपल्या स्टुडिओत 'टोकरी' हा स्टॉप मोशन लघुपट बनवला. वडिलांचं घड्याळ चुकून मोडणारी आणि ते दुरुस्त करायला रस्त्यावर टोपल्या विकणारी मुलगी, एवढीच गोष्ट. जाहिरातीतून सवड मिळेल तसं काम चाललं आणि आठ वर्षं लागली. २०१७ सालच्या सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाच्या राष्ट्रीय पुरस्कारात 'टोकरी'चा वाटा होता. पुरस्काराची बातमी एक दिवस चालली असेल.

पदरमोड करण्याची ही रीत तशी जुनीच. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला जाऊन सिसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहून आले आणि येताना विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र'ला पैसे हवे होते. सावकाराला पटवायला त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभराहून जास्त काळ रोप वाढताना थोडं थोडं चित्रित केलं. तयार झाला मिनिटभराचा 'अंकुराची वाढ'. याला ॲनिमेशन म्हणावं का, यावर जाणकार वाद घालतील, पण थांबून थांबून फ्रेम घ्यायची युक्ती तीच. पुढे त्यांनी आगपेटीच्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केला. काड्यांपासून निघून आपण नव्वद वर्षांनी काडेपेट्यांपाशी आलो, हा निव्वळ योगायोग.

हे लघुपट बघायचे कुठे? मुंबईत दर दोन वर्षांनी 'मिफ' हा लघुपट, माहितीपट आणि ॲनिमेशनचा महोत्सव भरतो. धाराशिवहून त्यासाठी रात्रभर प्रवास करायचा, तर हौस दांडगी हवी. घरबसल्या सुरुवात करायची तर 'एक अनेक' यूट्यूबवर आहे. गीतांजली राव यांचा फ्रेम-फ्रेम रंगवलेला पूर्ण लांबीचा 'बॉम्बे रोझ' २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला.

आणि हात शिवशिवत असतील, तर ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. २०२५ मध्ये ऑस्कर जिंकलेला लाटव्हियाचा 'फ्लो' त्यातच बनलाय. कॉम्प्युटर नसेल तर फाळक्यांचा मार्ग धरा. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, समोर काड्या मांडा, एक काडी जराशी सरकवा, फोटो काढा. दहा सेकंदांसाठी १२० फोटो लागतील. पंखा तेवढा बंद ठेवा, काड्या हलतात.